व्याधिक्षमत्व आणि पेशीतील संदेशवहन

'व्याधिक्षमत्व वाढविणारे औषध द्या', अशी मागणी आम्हा वैद्यांकडे नित्य होते. वाढवावयाचे ते नेमके काय, याचा येथे विचार करू.

काही जिवाणूंच्या आवरणातील विषद्रव्य पेशीपृष्ठावरील टीएलआर-४ या ग्राहकाने ओळखले, की आतून मायडी८८ हे प्रथिन त्यास जोडले जाते. पुढे आयरॅक, ट्रॅफ-६ अशा साखळीने संदेश सरकतो. एरवी एनएफ-कप्पा-बी या प्रथिनास आय-कप्पा-बी केंद्रकाबाहेर अडवून धरते. संदेश येताच हा अडसर नष्ट होतो, ते केंद्रकात शिरते आणि ज्वर व शोथ उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांची जनुके कार्यरत होतात. टीएलआर-४ चे हे कार्य ब्रूस ब्यूटलर यांनी १९९८ मध्ये दाखविले. २०११ च्या नोबेल पुरस्कारात ते सहभागी होते.

जन्मतः मायडी८८ नसलेल्या बालकांस पूयजनक जिवाणूंचे गंभीर संसर्ग होतात. उलट संदेश अनावर झाल्यास शोथच प्राणांवर बेततो. म्हणून वृद्धी नव्हे, साम्य इष्ट होय. हळदीतील कर्क्युमिन प्रयोगशाळेतील पेशींत एनएफ-कप्पा-बी रोखते. परंतु तेवढ्यावरून रुग्णास आश्वासन देणे आम्हांस शोभणार नाही. जंतुसंसर्गाने ग्लानीत जाणाऱ्या रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठविणे, हेही वैद्यकर्मच होय.