१¾ आणि १.७५ सारखे नसतात तेव्हा

व्यवहारी अपूर्णांकाचे दशांशात रूपांतर करायला तुम्ही प्राथमिक शाळेतच शिकलात. १¾ म्हणजे १.७५, यात शंका घेण्यासारखे काही नाही. पण सायकलच्या दुकानात हे समीकरण खोटे ठरते. '२६ × १.७५' असा आकडा असलेला टायर ज्या रिमवर बसतो, त्या रिमवर '२६ × १¾' असा आकडा असलेला टायर बसत नाही! टायरची कड जिथे टेकते तिथे रिमचा व्यास मोजला, तर पहिल्याचा ५५९ मिलिमीटर भरतो आणि दुसऱ्याचा ५७१.

ही भानगड मला ठाऊक नव्हती, आणि त्याची शिक्षा माझ्या मुलाला भोगावी लागली. आलापल्लीत आमच्या घरी त्याची रेंजर आहे. (जाड टायरच्या, सरळ हँडलच्या डोंगरी सायकलला सगळे रेंजरच म्हणतात.) मागच्या चाकाची ट्यूब जीर्ण झाली म्हणून मी दुकानात जाऊन 'सव्वीसची ट्यूब द्या' म्हटले. दुकानदाराने विचारले, "सव्वीसची कोणती सर, साधी का रेंजरची?" मी ऐटीत सांगितले, "सव्वीस म्हणजे सव्वीस." चौथ्या दिवशी संध्याकाळी भामरागड रस्त्यावर, जिथे दोन्ही बाजूंना सागाचे दाट जंगल आहे तिथे, चाकातली हवा गेली. दिवस मावळल्यावर त्या रस्त्याने पायी कोणी जात नाही. मुलगा सायकल ढकलत घरी पोचेपर्यंत आमच्या जिवात जीव नव्हता.

दुसऱ्या दिवशी पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यात धरली, बुडबुड्यांवर बोट ठेवले आणि म्हणाला, "काटा नाही सर. घडी पडली अन् घडीवरच चिरली."

घडी का पडली? मला मिळालेली ट्यूब साध्या सायकलची, म्हणजे २६ × १⅜ या मापाची होती. त्या मापाच्या रिमचा व्यास ५९० मिलिमीटर असतो. रेंजरच्या रिमचा ५५९. फरक ३१ मिलिमीटरचा. व्यासात ३१ मिलिमीटर, तर परिघात ३.१४ × ३१, म्हणजे सुमारे ९७ मिलिमीटर. जवळजवळ दहा सेंटिमीटर जास्तीची ट्यूब मी त्या टायरमध्ये कोंबली होती. ती घडी घालून बसली, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला घासली आणि चिरली.

मग दोन्ही चाके 'सव्वीस' कशी? हे २६ इंच रिमचे नाहीत. ते हवा भरलेल्या टायरच्या बाहेरच्या व्यासाचे आहेत, आणि तेही अंदाजाने. २६ इंच म्हणजे ६६० मिलिमीटर. ५९० च्या रिमवर दोन्ही बाजूंना ३५ मिलिमीटर जाडीचा टायर धरा: ६६० झाले. ५५९ च्या रिमवर ५० मिलिमीटरचा जाड टायर धरा: ६५९ झाले. बाहेरून चाके सारखी, आतून वेगळी. पुढे टायरची जाडी बदलत गेली तरी नाव तेच राहिले आणि घोटाळा कायमचा झाला.

यातून सुटका करणारा आकडा टायरच्या बाजूवर उठावदार अक्षरांत छापलेला असतो. '५४-५५९' असे काही तरी तिथे दिसेल. पहिली संख्या टायरची रुंदी, दुसरी रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. आपल्या जुन्या काळ्या, २८ × १½ च्या सायकलीवर ४०-६३५ असते. अलीकडच्या '२७.५' च्या रेंजरला दुसरी संख्या ५८४ येते, '२९' ला ६२२. ट्यूब घेताना प्रथम ही दुसरी संख्या जुळवा.

आता रुंदीकडे वळू. त्यासाठी ट्यूब मुळात काय काम करते ते पाहिले पाहिजे. एक जुनी ट्यूब टायरच्या बाहेर ठेवून हळूहळू हवा भरा. काही वेळाने ती एकाच जागी बेडकासारखी फुगेल. (तिथेच थांबा!) पंपातली चार-दोन पौंड हवाही जिला पेलत नाही, ती ट्यूब टायरमध्ये ४० पौंड कशी सोसते?

उत्तर असे, की ती सोसतच नाही. दर चौरस इंचाला ४० पौंड म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.८ किलोग्रॅम. ५ सेंटिमीटर रुंदीच्या टायरचा १ सेंटिमीटर लांबीचा तुकडा मनाने मधोमध चिरा. आतली हवा दोन अर्धांना २.८ × ५ = १४ किलोग्रॅम जोराने दूर ढकलते, आणि दोन बाजूंच्या भिंती प्रत्येकी ७ किलोग्रॅमने त्यांना धरून ठेवतात. हा ताण टायरमधल्या धाग्यांवर पडतो. ट्यूब टायरला आतून नुसती टेकलेली असते. तिचे काम एवढेच, की हवा बाहेर जाऊ द्यायची नाही. ही कामाची वाटणी फार जुनी आहे. रॉबर्ट टॉमसन यांनी १८४५ मध्ये हवेच्या चाकाचे पेटंट घेतले, त्यातही आत रबर लावलेल्या कापडाची नळी आणि बाहेर चामड्याचे आवरण होते. पुढे बेलफास्टमधले पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये हीच कल्पना नव्याने, आणि टॉमसनची माहिती नसताना, सायकलला लावली.

ट्यूबला ताण घ्यायचा नसला तरी टायरपर्यंत पोचायला तिला ताणावे मात्र लागते. १.७५ ची ट्यूब २.३५ च्या टायरमध्ये घातली, तर तिचा घेर सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो आणि भिंत तेवढीच पातळ होते. ताणलेल्या फुग्याला टाचणी लावा आणि सैल फुग्याला लावा, फरक कळेल. उलट फार रुंद ट्यूब घेतली तर पुन्हा घड्या. म्हणून ट्यूबच्या खोक्यावर '२६ × १.९५/२.१२५' अशा दोन रुंदी असतात. आपला टायर त्यांच्या दरम्यान बसला पाहिजे.

"जाड ट्यूब घ्या, काटा लागणार नाही" असे काही जण सांगतात. साधी ट्यूब मिलिमीटरभर जाड असते, काटेरोधक म्हणून मिळणारी तीन-चार मिलिमीटर. बोरीचा आखूड काटा किंवा ट्रकच्या फुटक्या टायरमधून रस्त्यावर पडलेली बारीक तार तिच्यात अडते, हे खरे. पण बाभळीचा काटा सहज चार सेंटिमीटरचा असतो! त्याच्यापुढे ही जाडी काहीच नाही, आणि फिरत्या चाकाचे वजन तेवढे वाढते. माझे मत विचाराल तर तेच पैसे चांगल्या टायरला घाला.

आणखी एक समजूत याहून नुकसानकारक आहे. उन्हाळ्यात हवा तापून ट्यूब फुटते, म्हणून हवा कमी भरायची. आमच्याकडे मे महिन्यात ऊन कसे असते ते सांगायला नको, तरी हिशेब करून पाहू. सकाळी २५ अंश सेल्सिअसला ४० पौंड हवा भरली. मोजपट्टीतला हा दाब वातावरणाच्या दाबापेक्षा जास्तीचा असतो, म्हणून एकूण दाब ४० + १४.७ = ५४.७. दुपारी टायर ६० अंशांपर्यंत तापला असे धरा. केल्विनमध्ये तापमान २९८ वरून ३३३ झाले. दाब त्याच प्रमाणात वाढून ६१.१ होईल. त्यातून १४.७ वजा करा: ४६.४ पौंड. वाढ जेमतेम साडेसहा पौंडांची! धड टायरला ती जाणवतही नाही. फुटते ती झिजलेल्या टायरची ट्यूब, आणि सुटते ते उन्हाने मऊ झालेले जुने ठिगळ. हवा कमी भरली, तर मात्र दगडावर टायर रिमपर्यंत दबतो आणि मध्ये सापडलेल्या ट्यूबला सापाच्या दातांसारखी शेजारी-शेजारी दोन भोके पडतात.

ट्यूबचा पदार्थ कोणता, तेही विचारा. १९३७ मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या ब्युटिल रबरातून हवा झिरपण्याचे प्रमाण नैसर्गिक रबराच्या जवळजवळ दहावा हिस्सा आहे. त्यामुळे ब्युटिलची ट्यूब आठवड्यानंतरही घट्ट राहते. व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा असला तर ट्रकच्या पंक्चरच्या दुकानातही हवा भरता येते. लांबच्या रस्त्यावर ही मोठी सोय आहे. बारीक नळीचा व्हॉल्व्ह रिमच्या मोठ्या भोकात बसवू नका. तो हलतो आणि मुळाशी ट्यूब फाटते.

दाब मोजायला यंत्र नसेल तर आलेख कागद पुरे. मागच्या चाकाला ओला खडू फासा, खाली कागद ठेवा, मित्राला सायकलवर बसवा आणि उमटलेल्या ठशाचे चौरस सेंटिमीटर मोजा. सायकल आणि मित्र मिळून ७० किलोग्रॅम असतील, तर मागच्या चाकावर सुमारे ४२ येतात. ठसा १५ चौरस सेंटिमीटर भरला तर दाब ४२ ÷ १५ = २.८, म्हणजे ४० पौंडांच्या जवळपास. टायरची भिंत स्वतःही थोडे वजन पेलते, त्यामुळे उत्तर अचूक येणार नाही. ठसा ३० भरला तर आधी पंप शोधा, मग जंगलाच्या रस्त्याला लागा.