किती टनांचा चिलर घ्यावा? आधी उष्णता मोजा

प्लास्टिकचा डबा असो की गाडीच्या डॅशबोर्डचा एखादा भाग, इंजेक्शन मोल्डिंगच्या सायकलमधला निम्म्याहून जास्त वेळ बहुतेकदा नग साच्यात थंड होण्यातच जातो. दिवसाला किती नग निघणार हे मशीनइतकंच साच्यात फिरणाऱ्या पाण्यावर ठरतं. तरीही हे पाणी गार करणाऱ्या चिलरची खरेदी अनेकदा ऐकीव माहितीवर होते. शेजारच्या गाळ्यात दहा टीआरचा (टन ऑफ रेफ्रिजरेशनचा) आहे आणि त्यांचं बरं चाललंय, मग आपणही तोच घेऊ. या सवयीची किंमत लघुउद्योजक पुढची दहा वर्षं वीजबिलात मोजतो, म्हणून चिलरबद्दलचे समज एकदा नीट तपासायला हवेत.

सगळ्यात महागात पडतो तो मशीनच्या टनांवरून चिलर ठरवण्याचा समज. दोनशे टनांचं मशीन म्हणजे साचा दोनशे टन जोराने दाबून धरणारं मशीन. त्यावरून उष्णतेचा काहीच अंदाज येत नाही. चिलरला काढायची असते ती दर तासाला वितळून साच्यात येणाऱ्या प्लास्टिकमधली उष्णता. चिलरचा एक टीआर म्हणजे तासाला ३,०२४ किलोकॅलरी, म्हणजेच ३.५१७ किलोवॉट. २,००० पौंड बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, त्यावरून हे माप ठरलं.

आता हिशेब करू. पॉलिप्रॉपिलीन साधारण २२० अंशांना साच्यात शिरतं आणि ५० अंशांच्या आसपास बाहेर पडतं. तेवढ्यात एका किलोमागे अंदाजे ६०० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. तासाला ६० किलो माल जात असेल तर हा भार होतो १० किलोवॉट, म्हणजे तीन टीआरहूनही थोडा कमी. साच्यात प्लास्टिक वितळलेलं ठेवणारा हॉट रनर असेल तर त्याची आणि पंपाची उष्णता धरा, वर वीस टक्के राखीव ठेवा, तरी चार टीआरच्या आत काम भागतं. मशीन आधीपासून चालू असेल तर पडताळा आणखी सोपा आहे. साच्यातून तासाला किती लिटर पाणी जातं ते मोजा, येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्याच्या तापमानातल्या फरकाने गुणा आणि ३,०२४ ने भागा. सहा हजार लिटर आणि तीन अंशांचा फरक असेल तर उत्तर येतं सुमारे सहा टीआर. एक फ्लोमीटर आणि दोन थर्मामीटर, एवढ्यावर हे काम होतं.

‘मोठा घेतला तर बिघडलं कुठं?’ असं विचारणारे भेटतात. बिघडतं. भार कमी आणि कंप्रेसर मोठा असला की पाणी पटकन थंड होतं, कंप्रेसर बंद पडतो आणि थोड्या वेळात पुन्हा सुरू होतो. अशी सततची चालू-बंद कंप्रेसरचं आयुष्य खाते आणि पाण्याचं तापमानही हलत राहतं. उद्या मशीनं वाढणार असतील तर दोन वेगळ्या सर्किटचा किंवा इन्व्हर्टर कंप्रेसरचा चिलर घ्यावा, पाण्याची टाकी पुरेशी मोठी ठेवावी.

पाणी जितकं गार तितकं उत्पादन जास्त, हा समज तर पावसाळ्यात उघडा पडतो. जुलैत कोकणपट्टीत हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. अशा हवेत साच्यात १० अंशांचं पाणी सोडलं की साचा घामाघूम होतो, थेंब कॅव्हिटीत उतरतात, नगावर डाग येतात आणि लाखो रुपयांचा साचा गंजायला लागतो. शिवाय चिलरमधून निघणारं पाणी एका अंशाने जास्त गार मागितलं की वीज साधारण दोन ते तीन टक्के जास्त लागते आणि यंत्राची क्षमताही घटते. पॉलिकार्बोनेटला तर साचा ८० अंशांच्या वर लागतो. तिथे चिलर कामाचाच नाही, पाणी किंवा तेल तापवून फिरवणारा कंट्रोलर लागतो. सायकल खरंच कमी करायची असेल तर आधी पाण्याचा प्रवाह बघा. साच्याच्या नळ्यांमधून पाणी खळखळत गेलं पाहिजे. संथ वाहणारं पाणी कितीही गार असलं तरी भिंतीवरची उष्णता नीट उचलत नाही. चार नळ्या एकापाठोपाठ जोडून काम भागवलेलं असतं आणि दोष मात्र चिलरला दिला जातो. बोअरच्या जड पाण्याचा क्षार नळीत बसला असेल तर तोच प्रकार.

ग्लायकोल घातलं की चिलर जास्त गार करतो, असंही सर्रास मानतात. ग्लायकोलमुळे पाणी गोठण्याचा बिंदू खाली जातो, एवढंच. उष्णता वाहून नेण्याची पाण्याची ताकद त्याने उलट घटते आणि पंपावरचा भार वाढतो. पाच अंशांच्या खाली पाणी हवं असेल तरच ते घालावं. गाडीच्या रेडिएटरचं कूलंट तर चिलरमध्ये नकोच, त्यातले सिलिकेट चिलरच्या बारीक वाटांमध्ये बसतात. दूध, सरबत, बिअर यांच्या कारखान्यात ग्लायकोलची निवड जिवाशी संबंधित आहे. २०२० च्या सुरुवातीला ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंते इथल्या एका ब्रुअरीच्या बिअरमध्ये डायइथिलीन ग्लायकोल मिसळलं आणि ती पिणारी माणसं दगावली. तपासात टाकीतली गळती समोर आली. खाद्यपदार्थाच्या जवळपास फूड ग्रेड प्रॉपिलीन ग्लायकोलच वापरावं. यात पैसे वाचवायला जागा नाही.

एअर कूल्ड की वॉटर कूल्ड, याचं सर्वत्र चालेल असं उत्तर नाही. एअर कूल्ड चिलरची क्षमता बहुधा ३५ अंशांच्या हवेला छापलेली असते. नागपूरजवळच्या बुटीबोरीत मे महिन्यात पारा ४५ वर जातो, त्यात पत्र्याच्या शेडखाली कंडेन्सरची गरम हवा परत आत ओढली जात असेल तर यंत्र हाय प्रेशरवर ट्रिप होणारच. कोरड्या हवेत वॉटर कूल्ड चिलरचा कूलिंग टॉवर चांगला चालतो, पण तो पाणी पितो. दहा टीआरचा वॉटर कूल्ड चिलर पूर्ण भाराने दिवसरात्र चालला तर दीड हजार लिटरच्या आसपास पाणी नुसतं वाफ होऊन जातं. टँकरवर चालणाऱ्या कारखान्याने हा आकडा आधी लिहून काढावा. आणि सगळंच चिलरवर टाकायची गरज नसते. मशीनचं हायड्रॉलिक तेल ४५ ते ५० अंशांवर राहिलं तरी चालतं, त्याला टॉवरचं ३० अंशांचं पाणी पुरतं.

‘दरवर्षी गॅस भरावा लागतो’ हा समज मात्र ताबडतोब सोडावा. गॅस इंधनासारखा जळत नाही, बंद सर्किटमध्ये तोच तो फिरतो. कमी झाला म्हणजे गळतोय. गळती न शोधता नुसता गॅस भरणाऱ्याला पैसे देऊ नका. जुन्या चिलरमधला आर-२२ गॅस हवेत सुटला तर तो ओझोनच्या थराला बाधतो आणि तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट तापमानवाढ करतो. मॉन्ट्रियल करारानुसार भारतातला त्याचा वापर २०३० पर्यंत जवळजवळ संपायचा आहे. स्वस्तात मिळणारा सेकंडहँड चिलर पसंत करण्याआधी नेमप्लेटवर कोणता गॅस लिहिलाय ते वाचा. नव्याचं कोटेशन मागवताना आपल्या गावच्या उन्हाळ्यातलं तापमान आणि आपल्याला हवं ते पाण्याचं तापमान लिहून द्या. त्या स्थितीत किती टीआर मिळतील आणि किती किलोवॉट लागतील, हे आकडे लेखी घ्या.