वालाचा वेल आणि काळा मावा

दिवाळी सरून कार्तिक संपत आला की आमच्या परसातला वालाचा वेल फुलांवर येतो. त्याच सुमारास कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा दिसू लागतो. सुरुवातीला दोन-चार ठिपके, आणि थोड्याच दिवसांत सारा शेंडा काळा! इतका मावा येतो कुठून?

आपल्याकडच्या माव्यात बहुतेक साऱ्या माद्याच असतात. नराशिवाय त्या थेट पिल्लांना जन्म देतात. जन्मतःच पिल्लाच्या पोटात पुढच्या पिढीचे गर्भ असतात आणि आठवड्याभरात तेही पिल्ले देऊ लागते. शिवाय मावा धुऊन टाकणारा पाऊसही आता थांबलेला असतो.

मावा वेलाचा रस शोषतो आणि त्यातली जादा साखर चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतो. मुंग्यांची रांग लागते ती त्यासाठीच. मोबदल्यात त्या माव्याच्या शत्रूंना हुसकावतात.

गेल्या वर्षी याच शेंड्यांवर आम्हाला काळपट, नारिंगी ठिपक्यांच्या, इवल्याशा सुसरीसारख्या अळ्या दिसल्या. कीड समजून आम्ही त्या वेचून मारल्या. मावा मात्र वाढतच गेला. शेंगा फारशा धरल्या नाहीत. पुढे पुस्तकातले चित्र पाहून उलगडा झाला. त्या ढालकिड्याच्या, म्हणजे पाठीवर काळे ठिपके असलेल्या गोल, लालसर भुंगेऱ्याच्या अळ्या होत्या. त्यांचे मुख्य अन्न मावाच!

यंदा आम्ही काही फवारले नाही, वेचलेही नाही. फक्त पाहत राहिलो. आधी मावा वाढला. मग पानांवर पिवळ्या अंड्यांचे पुंजके दिसले, पाठोपाठ अळ्या आल्या. काही मावा फुगून तपकिरी, निश्चल झाला होता. गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातला एक चिमुकला कीटक माव्याच्या शरीरात अंडे घालतो. त्याची अळी माव्याला आतून खाते. पाठीवर गोल भोक दिसले, तर नवा कीटक बाहेर पडला असे समजावे. काही आठवड्यांत बरेच शेंडे मोकळे झाले.

भक्ष्य वाढल्यावरच भक्षक वाढतात. मधल्या दिवसांत आपला धीर सुटतो आणि आपण औषध मारतो. त्यात दोघेही मरतात. पण उरलेला मावा झपाट्याने वाढतो, त्याच्या शत्रूंना मात्र वेळ लागतो.

मुलांना घेऊन पाच शेंड्यांना दोरा बांधा. एक दिवसाआड मावा, अळ्या आणि फुगलेला मावा मोजून आलेख काढा. मुंग्या असलेल्या आणि नसलेल्या शेंड्यांत काय फरक पडतो, हे मुलांनाच शोधू द्या.