बोट रस्त्याला लागते, त्याआधी

तापोळ्याच्या किंवा बामणोलीच्या धक्क्यावरून शिवसागर जलाशयात फेरी मारताना सहसा कुणी विचारत नाही, की इंजिनाच्या बोटी इथे आल्या कशा? कोयनेचं हे पाणी धरणाने अडवलेलं. समुद्रातून इथवर पाणवाट नाही. उजनी घ्या, नाशिकचं गंगापूर घ्या, तीच गोष्ट. गोव्यात किंवा मुंबईकडे बांधलेली फायबरची स्पीडबोट इथे येते ती ट्रकवर बसून, घाट चढून. लाटांवर आदळण्यासाठीच बांधलेली बोट, ती खड्ड्यांना काय भिणार, असं वाटतं खरं. पण पाण्यात वर्षानुवर्षं धडधाकट राहिलेली बोट दोन दिवसांच्या रस्त्यात जायबंदी होऊ शकते. बांधणी कच्ची असते म्हणून नव्हे. पाण्याने तिच्याकडून कधी मागितलंच नाही ते रस्ता मागतो.

पहिलं काम टेपचं. माहितीपत्रकातल्या लांबी-रुंदीवर भागत नाही. पठाणापासून, म्हणजे तळाच्या कण्यापासून, सगळ्यात उंच टोकापर्यंत बोट स्वतः मोजावी लागते. समजा, पठाणापासून पुढच्या काचेपर्यंत 2.2 मीटर भरले. खाली ठोकळ्यांचे 30 सेंटिमीटर आणि ट्रकच्या हौद्याची उंची 1.4 मीटर धरली, तर झाले 3.9 मीटर. त्यावर छताचा सांगाडा, रडारची कमान, अँटेना तशीच राहिली, तर आकडा सहज पाचाकडे जातो. हमरस्त्यावरचे पूल उंच असतात. गाडी अडते ती पुढे, रेल्वे फाटकाच्या हाइट गेजला, गावाच्या स्वागतकमानीला, नाहीतर लोंबणाऱ्या विजेच्या तारांना. म्हणून उतरवता येईल ते सगळं उतरवायचं आणि शक्यतो लो-बेड ट्रेलर घ्यायचा. रुंदीचं गणित कायद्याचं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार गाडीची रुंदी 2.6 मीटरच्या आत हवी. बोट त्याहून रुंद निघाली, की ट्रान्सपोर्टवाले तिला ‘ओडीसी’त, म्हणजे ठरलेल्या मापाबाहेरच्या मालात, धरतात. मग परवानगी वेगळी, भाडंही वेगळं.

खरी मेख आहे ती टेकूंची. पाणी बोटीला सगळ्या तळाखालून सारखं उचलून धरतं. जमिनीवर तोच, समजा तीन टनांचा, भार चार-सहा जागी एकवटतो. ठोकळा दोन आडभिंतींच्या मधल्या पोकळ जागी आला, तर प्रत्येक खड्ड्यागणिक तिथलं फायबर आत दबतं. बाहेर रंगाला केसभर चीर दिसते, आतला थर मात्र सुटलेला असतो. म्हणून मुख्य भार पठाणाखालच्या जाड लाकडांवर द्यायचा. बाजूचे टेकू तोल सांभाळण्यापुरते, आणि तेही आत आडभिंत असेल त्याच रेषेत. घागरीला चुंबळ लागते, तशी बोटीला तिच्या तळाच्या आकाराची घोडी लागते. क्रेनचे पट्टेही बोट बनवणाऱ्याने खूण केलेल्या जागीच घ्यायचे. शाफ्टवर किंवा पंख्यावर पट्टा आला, तर बोट हवेत असतानाच नुकसान होऊन जातं.

मग वजन उतरवायचं. 200 लिटरची पेट्रोलची टाकी भरलेली असेल, तर सुमारे दीडशे किलोचा डुचमळणारा भार उगाच घाटातून हिंडतो. शिवाय उन्हात पेट्रोल फुगतं. टाकी पाव किंवा त्याहून कमी ठेवावी. गोड्या पाण्याची आणि शौचालयाची टाकी पूर्ण रिकामी, बॅटरीच्या तारा सोडलेल्या, खण-कपाटं पक्की बंद. तळाचं बूच काढून साचलेलं पाणी वाहू द्यायचं. वाटेत पाऊस लागला तरी तो आत साठत नाही.

वाऱ्याचा विचार मात्र बहुतेकांच्या डोक्यात येत नाही. बोट पाण्यावर ताशी 40 किलोमीटरने जात असेल आणि ट्रक 80 ने, तर वेग दुप्पट आणि वाऱ्याचा दाब चौपट. समोरून 30 चा वारा आला, तर जवळजवळ साडेसातपट. कापडी खोळ हौसेने चढवून दिली, की तिची एक कड सुटते, दिवसभर फडफडते, आणि तिच्या पितळी बटणांनी बोटीची चकाकी खरवडून निघते. खोळ घडी करून केबिनमध्ये ठेवावी, उशा-गाद्या आत घ्याव्यात, झाकणं कुलूपबंद करून वरून टेप मारावी. बोट उलट तोंडाने चढवली असेल, तर मागची सरकती दारं वाऱ्याच्या थेट तोंडी येतात. ती आतून अडसरानेच धरलेली बरी.

बाहेरचं इंजिन वर उचलून नेताना फक्त त्याच्या हायड्रॉलिकवर विसंबू नये. हिसका बसला की सगळा ताण मागच्या भिंतीवर येतो. आधाराची दांडी हवी. पंखा काढून ठेवलेला उत्तम. बांधायला साखळ्या नकोत, रुंद रॅचेट बेल्ट हवेत, आणि बेल्ट बोटीच्या कडेवरून वळतो तिथे जाड नमद्याची घडी. पट्ट्याखाली धूळ शिरली, तर शंभर किलोमीटरच्या थरथरीत रंग पांढुरका पडतो. पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरनंतर गाडी थांबवून सगळे बेल्ट पुन्हा आवळावेत, कारण तेवढ्यात भार बसलेला असतो.

एका पाण्यातली बोट दुसऱ्या पाण्यात नेताना आणखी एक जबाबदारी येते: तिथले जीव सोबत न नेण्याची. झेब्रा शिंपले उत्तर अमेरिकेत 1988 मध्ये लेक सेंट क्लेअरमध्ये सापडले. त्यांचे भाऊबंद क्वागा शिंपले जानेवारी 2007 मध्ये थेट पश्चिमेच्या लेक मीडमध्ये निघाले. एवढं वाळवंट ते ओलांडून आले ते बोटींना चिकटून, असं मानलं जातं. तेव्हापासून तिकडे अनेक राज्यांत ट्रेलरवरच्या बोटी थांबवून तपासतात. नियम साधा आहे: धुवा, निथळवा, वाळवा. आपल्याकडे उजनीच्या पाण्यात जलपर्णी पाहिलेल्याला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पंख्यात अडकलेला एक तुकडाही दुसऱ्या जलाशयात वाढायला पुरतो.

पोचल्यावर घाई नको. पट्टे सोडण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढावेत आणि निघतानाच्या फोटोंशी ताडून पाहावेत. विम्याच्या वेळी तेच कामी येतात. इंजिन बोटीच्या आत असेल, तर जमिनीवर तळ किंचित वाकलेला असतो. बोट एक-दोन दिवस पाण्यात स्थिरावू द्यावी आणि मगच शाफ्टची सरळ रेषा मेकॅनिककडून तपासून घ्यावी. आणि ते तळाचं बूच. नीट ठेवलेलं असतं, पण कुठे, ते ऐन वेळी आठवत नाही, आणि बोट नव्या धक्क्यावरच पाणी पिऊ लागते. काढल्याबरोबर ते इंजिनाच्या किल्लीला बांधून टाकावं. मग बूच हातात आल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही.