विनयातील पाच बीजे आणि येडशीच्या रानालगतची शैक्षणिक बाग

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील येडशी-रामलिंग घाट अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २२ चौरस किलोमीटर. बालाघाटच्या या कोरड्या, पानगळीच्या रानात डिसेंबर २०२४ मध्ये टिपेश्वरहून आलेला वाघ आढळला, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष तिकडे गेले. कुऱ्हाडीपासून व अतिचराईपासून जपलेले रान पुन्हा कसे उभे राहते, हे मुलांना दाखविणारी बाग अशा रानालगतच्या शाळेत वा विहारात कशी आखावी, याचा विचार आम्ही येथे पालि साहित्याच्या आधारे करीत आहोत.

अशा बागेसाठी प्रथम सुचतात ते महापदानसुत्तातील सात बुद्धांचे बोधिवृक्ष : पाटली, पुण्डरीक, शाल, शिरीष, उंबर, वड आणि पिंपळ. ही मालिका वंदनीय आहेच. परंतु केवळ तिच्यावर बाग उभारणे आम्हांस अपुरे वाटते. शाल हा मराठवाड्याच्या वनांतील वृक्ष नव्हे. दुष्काळी जिल्ह्यात तो टँकरच्या पाण्यावर जगविला, तरी मुलांना येथील रानाविषयी त्यातून काय कळणार?

याहून उपयुक्त आधार विनयपिटकात आहे. आळवी येथील भिक्खूंनी वृक्ष तोडले, लोकांनी त्याबद्दल निंदा केली आणि भगवंतांनी वनस्पतींची नासधूस करण्यास पाचित्तिय आपत्ती ठरविली. (या कथेत वृक्षदेवताही येते. ती बाजूला ठेवली तरी लोकनिंदेचे कारण पुरेसे आहे.) या नियमाच्या विवरणात वनस्पती कशापासून वाढते यावरून तिचे पाच प्रकार केले आहेत. हळद, आले, वेखंड, वाळा, नागरमोथा ही मूलबीजे; पिंपळ, वड, उंबर ही खन्धबीजे, म्हणजे खोडापासून वाढणारी; ऊस, वेळू, नळ ही पेरापासून वाढणारी फळुबीजे; शेंड्यापासून रुजणाऱ्या सुगंधी वनस्पती अग्गबीजे; आणि धान्ये व कडधान्ये ही बीजबीजे.

हे वर्गीकरण म्हणजे बागेचा तयार आराखडाच होय. पाच वाफे करावेत व प्रत्येकात मुलांनी स्वतः लागवड करावी. शेवटच्या वाफ्यात ज्वारी, तूर, हरभरा त्यांच्या ओळखीचेच असतात. मात्र खरा पाठ वाफ्यांच्या पलीकडे आहे. तोडलेले रान बहुतांशी नव्या रोपांनी नव्हे, तर जमिनीत उरलेल्या जिवंत भागांपासून परत येते. पळस मुळांपासून नवे कोंब काढतो. धावड्याच्या तोडलेल्या बुंध्याला फुटवे येतात. बी येते ते पाखरांच्या विष्ठेतून आणि वाऱ्याबरोबर. मूलबीज आणि खन्धबीज हे शब्द मुलाने वाफ्यात शिकले, की उजाड दिसणाऱ्या टेकडीवर त्याला ठुंठाऐवजी बीज दिसू लागते.

म्हणून बागेचा मोठा भाग मुद्दाम न लावलेला असावा. मुरमाड जमिनीचे दोन सारखे तुकडे घ्यावेत. एकाला काटेरी कुंपण घालावे, दुसरा गुरांना मोकळा ठेवावा. खड्डे नकोत, बाहेरची माती नको, हिरवळीचा गालिचा तर नकोच. गवताळ माळाला ओसाड समजून त्यावर झाडे लावण्याची घाईही टाळावी. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचा माळ माळढोकासाठी राखला गेला, तो गवताळ म्हणूनच.

विहारात एक अडचण संभवते. भिक्खूला जमीन खणणेही विनयात निषिद्ध आहे. तेव्हा कुदळ उपासकांनी व मुलांनीच हाती घ्यावी. भिक्खूंनी पालि नावे सांगावीत. फलकावर पालि नावाखाली गावात प्रचलित असलेले नाव असावे आणि ते गावातील गुराख्यांना व वृद्ध स्त्रियांना विचारून लिहावे. कुंपणातील व बाहेरील तुकड्यांची नोंद वर्षातून दोनदा, मृगाच्या पावसानंतर व दिवाळीनंतर, मुलांनी एकाच वहीत ठेवावी. पहिल्या वर्षी दोन्ही तुकड्यांत फारसा फरक दिसणार नाही, याची कल्पना शिक्षकांनी त्यांना आधीच द्यावी.