गाडीतला टेप काढण्यापूर्वी

नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव या पट्ट्यात गाडी म्हातारी झाली म्हणून कुणी तिला लगेच भंगारात घालत नाही. एखाद्या वर्षी टोमॅटोला बरा भाव मिळाला, हातात चार पैसे आले आणि दारात पहिली चारचाकी उभी राहिली, की त्या गाडीला घरात बैलजोडीचा मान मिळतो. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं, तरी आपल्याकडे ती शेताच्या रस्त्याला अजून दिसते. पंधरा वर्षं झाली की गाडी आरटीओपुढे उभी करून नव्याने पास करून घ्यावी लागते. लोक तेही करतात. क्लचप्लेट बदलतात, पत्रा ठोकून घेतात, सीटला नवी कव्हरं घालतात आणि म्हणतात, अजून पाच वर्षं काढील.

अडतं ते एकाच ठिकाणी. शिक्षणाला पुण्यात असलेली नात सुट्टीत येते, पुढच्या सीटवर बसते, हातातला फोन दाखवते आणि विचारते, ‘‘आजोबा, यात गाणी कशी लावायची?’’ आजोबांच्या गाडीत कॅसेटचा टेप. नातीची सगळी गाणी फोनमध्ये. मग कुणीतरी सुचवतं, हा डबा काढून टाका आणि नवा ब्लूटूथचा सेट बसवा, तासाभराचं काम आहे.

काम खरंच तासाभराचं आहे. पण तो डबा काढण्यापूर्वी थोडं थांबावं, एवढंच मला सांगायचं आहे. बँकेत असताना वाहनकर्जाच्या फायली मी शेकड्यांनी हाताळल्या. गाडीची किंमत दरवर्षी किती घटते याचं कोष्टक आमच्यापाशी असे. डॅशबोर्डमधल्या टेपची किंमत त्यात वेगळी कधी धरलेली नसे. आज मात्र ती वेगळी धरावी लागेल. कारण घरातला टेपरेकॉर्डर कधीच भंगारवाल्याकडे गेलेला असतो, वॉकमन मुलांनी खोलून टाकलेला असतो, आणि कॅसेट वाजवू शकणारं घरातलं शेवटचं यंत्र बऱ्याचदा गाडीतच उरलेलं असतं. स्क्रूने आवळलेलं होतं म्हणून ते वाचलं!

आणि कॅसेटी? त्या असतातच. माळ्यावर, कपाटाच्या वरच्या फळीवर, बुटाच्या खोक्यात. हा भाग तमाशाचा. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या तिथे लागतात आणि गावोगावचे यात्रेचे पुढारी येऊन सुपारी ठरवतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच मातीत मोठ्या झाल्या. त्या २००२ साली गेल्या. राज्य शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. अशा मुलखात घरोघरी वगनाट्याच्या, गवळणींच्या, भजनांच्या कॅसेटी असाव्यात यात नवल नाही. त्यातल्या बाजारात विकत मिळालेल्या कॅसेटी आज ना उद्या कुठेतरी पुन्हा सापडतील. सापडणार नाहीत त्या घरी भरलेल्या. बारशाचा गोंधळ, साखरपुड्यातले उखाणे, वडिलांनी सप्ताहात म्हटलेला अभंग, आजीच्या जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यातल्या कितीतरी त्या बायांच्या स्वतःच्या आवाजात आज ऐकायला मिळतात. आपल्या आजीपर्यंत मात्र तसं कुणी पोचलंच असेल असं नाही. तिची ओवी असली तर त्या बुटाच्या खोक्यातच.

आता नातीच्या फोनकडे वळू. ब्लूटूथ म्हणजे जवळच्या जवळ बोलणारा रेडिओ. एरिक्सन या स्वीडनच्या कंपनीत १९९४ साली त्याचं काम सुरू झालं आणि १९९८ साली पाच कंपन्यांनी एकत्र येऊन त्याला सर्वमान्य रूप दिलं. नाव घेतलं ते दहाव्या शतकातल्या हॅराल्ड या डेन्मार्कच्या राजाचं. त्याला ‘निळ्या दाताचा’ म्हणत, आणि फुटलेल्या टोळ्यांना एकत्र आणणारा म्हणून त्याची ख्याती. फोनवरची ती निळी खूण त्याच्या नावाच्या दोन जुन्या अक्षरांची मिळून झाली आहे. हा रेडिओ २४०० मेगाहर्ट्झच्या थोडा वर बोलतो. त्या पट्टीत त्याच्यासाठी ७९ वाटा आखलेल्या आहेत आणि सेकंदाला १६०० वेळांपर्यंत तो एका वाटेवरून दुसरीवर उडी मारतो. म्हणून शेजारी चार फोन चालू असले तरी एकाचं गाणं दुसऱ्याच्या गाण्यात सहसा मिसळत नाही.

जुन्या गाडीत हे गाणं शिरायला चार दारं आहेत. पहिलं दार कॅसेटचंच. कॅसेटच्या आकाराचा एक अडॅप्टर मिळतो. टेपमध्ये एक छोटं हेड असतं. पट्टीवरच्या चुंबकीय चढउतारांवरून ते आवाज ओळखतं. अडॅप्टरमध्ये पट्टी नसते, त्या जागी तसंच एक हेड असतं. ते टेपच्या हेडला टेकतं आणि गाण्याप्रमाणे चुंबकीय चढउतार करतं. टेप बिचारा समजतो की आत कॅसेटच फिरते आहे. काही अडॅप्टरना वायर असते, काहींत ब्लूटूथ आणि छोटी बॅटरी आतच असते. आपोआप बाजू बदलणाऱ्या टेपला मात्र अधूनमधून वाटतं की पट्टी संपली, आणि तो कॅसेट बाहेर ढकलतो. त्यामुळे दुकानदाराला गाडीपाशी आणून आपल्याच टेपमध्ये चालवून पाहावं, मग पैसे द्यावेत.

दुसरं दार ऑक्सचं. काही टेपच्या तोंडावर इअरफोनच्या पिनेएवढं भोक असतं. त्यात काड्यापेटीएवढा ब्लूटूथ रिसीव्हर जोडला की काम झालं. आवाजही इथे चांगला येतो. कधीकधी गाण्यामागे बारीक शिट्टी ऐकू येते आणि एक्सलरेटर दाबला की ती चढते. फोनमध्ये दोष नसतो. रिसीव्हरची वीज आणि गाण्याची वायर दोन वेगवेगळ्या ठिकाणी गाडीच्या अर्थिंगला मिळतात, आणि आल्टरनेटरचा गोंगाट त्या फेऱ्यातून आत येतो. ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची एक डबी मध्ये जोडली की तो थांबतो.

तिसरं दार एफएमचं. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचा प्लग. फोनकडून तो गाणं ब्लूटूथने घेतो आणि ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्टीत एखाद्या मोकळ्या जागी पुन्हा प्रक्षेपित करतो. गाडीच्या रेडिओवर तोच आकडा लावायचा. थोडक्यात, हे आपल्या गाडीपुरतं आकाशवाणी केंद्र! अडचण अशी की पुण्याच्या जवळ मोकळी जागा सापडत नाही, आणि शेजारच्या गाडीवाल्याने तोच आकडा लावला असेल तर सिग्नलला उभं असताना आपल्या कीर्तनात त्याची लावणी शिरते. काही गाड्यांत हे सॉकेट चावी काढल्यावरही चालू राहतं. प्लग तसाच राहिला तर तो बॅटरी थोडी थोडी पीत राहतो.

या तिसऱ्या दाराचं बोलणं निघालं की जुन्नर तालुक्यात एका शेजाऱ्याची आठवण ठेवावी लागते. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. माणसाने निर्माण केलेल्या रेडिओ लहरींचा गलबला इथे कमी, हे जागा निवडण्याचं एक मोठं कारण होतं. आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण लहरी ती ऐकते, साधारण १५०० मेगाहर्ट्झच्या खालच्या. ब्लूटूथचा पट्टा त्याच्या पुष्कळ वर आहे. एफएमचा पट्टा मात्र तिच्याच शेजारात येतो. एका गाडीतल्या प्लगने खगोलशास्त्र बुडेल असं नाही. पण जिथे शास्त्रज्ञ शांततेसाठी मुद्दाम आले, तिथे वायरीचं किंवा कॅसेटचं दार उपलब्ध असताना आपण आणखी एक प्रक्षेपक कशाला चालवावा?

चौथं दार म्हणजे टेप काढून नवा सेट. टेप बंदच पडला असेल तर हाच मार्ग. वायरमनकडून काम करून घेताना तीन गोष्टींवर नजर ठेवावी. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवलेली असावी. नव्या सेटची पिवळी वायर कायम चालू विजेला आणि लाल वायर चावीच्या विजेला जावी. त्यांची अदलाबदल होऊ देऊ नये. आणि गाडीची मूळ वायर कापू नये. जोडणीची तयार क्लिप मिळते, ती वापरावी. म्हणजे उद्या जुना टेप परत बसवता येतो.

पण कोणतंही दार निवडा, त्याआधी एक रविवार त्या कॅसेटींना द्यावा. रिवाजच ठेवावा म्हणा ना: घराची वास्तुशांत झाल्याशिवाय आपण राहायला जात नाही, तसं कॅसेटी उतरवून झाल्याशिवाय टेपला हात लावायचा नाही.

कृती सोपी आहे. कॅसेटची पट्टी सैल झाली असेल तर षट्कोनी पेन्सिल भोकात घालून आवळून घ्यावी. वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडावेत, म्हणजे चुकून कुणी त्यावर दुसरं काही भरणार नाही. टेपचं हेड कापसाच्या काडीने, स्पिरिटने पुसावं. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवून घ्यावी. वर्षानुवर्षं एकाच जागी चिकटून बसलेली पट्टी त्याने मोकळी होते. कॅसेटची पट्टी सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकायला हवी. टेपचा रबरी पट्टा सैल झाला की ती रेंगाळते आणि आजीचा आवाज पुरुषासारखा घोगरा येतो. पट्टा बदलायला फार खर्च नाही, तो आधी बदलावा. मग सावलीत, रहदारीपासून दूर गाडी उभी करावी, इंजिन बंद, काचा वर. टेपच्या मागे अॅम्प्लिफायरसाठी लाइन-आउट असेल तर वायरमन तिथून आवाज फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये घेऊन देतो. नसेल तर फोनचा रेकॉर्डर सुरू करून तो स्पीकरपाशी ठेवावा. या दुसऱ्या मार्गाने स्टुडिओचा दर्जा येणार नाही. आवाज मात्र ओळखू येईल, आणि आपल्याला त्याच्याशीच कर्तव्य आहे. प्रत्येक फायलीला नाव द्यावं, साल द्यावं, कोण बोलतंय ते लिहावं, आणि एक प्रत दुसऱ्या कुणाच्या तरी घरी ठेवावी. बँकेतली सवय आहे, एकाच तिजोरीवर विसंबू नये.

घाई यासाठी की कॅसेट कायमची टिकणारी गोष्ट नाही. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहनांनी कोरलेली अक्षरं दोन हजार वर्षांनंतरही दगडावर आहेत. फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणलेल्या कॅसेटची गोष्ट वेगळी. प्लास्टिकच्या पट्टीवर चुंबकीय भुकटीचा थर, त्यावर सगळा भरवसा. उन्हाने तो बिघडतो, ओलाव्याने बिघडतो. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडचा पाऊस आपल्याला माहीत आहे. माळ्यावरच्या खोक्यात अजून किती पावसाळे निघतील याची हमी कोण देणार?

एवढं झालं की मग ब्लूटूथ खुशाल बसवा. त्याची खरी गंमत घाटात कळते. डिंभे धरण मागे पडून रस्ता भीमाशंकरच्या जंगलात शिरला की फोनची रेंज जाते आणि इंटरनेटवरून येणारं गाणं मध्येच तुटतं. ब्लूटूथला मात्र रेंज लागत नाही. फोन आणि गाडी यांच्यातलं दोन हातांचं अंतर त्याला पुरतं. फोनमध्ये जे साठवलेलं आहे ते तो वाजवत राहतो. कानात आपापल्या बोंड्या घालून बसलेली पोरं अशा वेळी त्या काढून ठेवतात, कारण त्यांचीही गाणी बंद पडलेली असतात. सगळी गाडी एकच आवाज ऐकते, पूर्वी टेप एकच होता तेव्हा ऐकायची तशी. त्या वेळी नातीने फोनवर बोट ठेवून पणजीची ओवी लावली, आणि मागच्या सीटवरून कुणीतरी ‘‘हा आवाज कुणाचा गं?’’ असं विचारलं, तर गाडीतल्या वडीलधाऱ्या माणसाला पुढचा घाट संपेपर्यंत सांगण्यासारखं पुष्कळ असतं.