ओआरएसमध्ये मीठ आणि साखर दोन्ही का लागतात? आतड्यातल्या एका दाराची गोष्ट

पावसाळा सुरू झाला की आपल्या मोहल्ल्यांत पोट बिघडण्याच्या तक्रारी वाढतात. कुठे पाइपलाइन फुटून गटाराचं पाणी नळात मिसळतं, कुठे टँकरचं पाणी खराब निघतं. घरातलं एखादं लहान लेकरू जुलाबाने हैराण होतं. अशा वेळी दोन सल्ले हमखास ऐकायला मिळतात. कुणी म्हणतं, ‘पाणी पाजू नका, पाजलं की जुलाब वाढतात.’ कुणी म्हणतं, ‘मीठ-साखरेचं पाणी द्या.’ पहिल्या सल्ल्याने आजवर असंख्य मुलांचा जीव गेला आहे आणि दुसऱ्याने कोट्यवधींचा वाचला आहे.

पण असं का? साधं पाणी का पुरत नाही? नुसती साखर किंवा नुसतं मीठ का चालत नाही? याचं उत्तर आपल्या आतड्यातल्या पेशींमध्ये आहे. ते एकदा नीट समजलं की ओआरएसचं पाकीट कसं वापरायचं हे वेगळं पाठ करावं लागत नाही. म्हणून या लेखात आम्ही ते सोप्या भाषेत मांडतोय.

पेशीची भिंत तेलकट असते

आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो, त्याला पेशीपटल म्हणतात. त्याची जाडी साधारण ५ ते १० नॅनोमीटर असते. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर.

हे पटल मुख्यतः स्निग्ध पदार्थांच्या रेणूंचं बनलेलं असतं. या रेणूंचं डोकं पाण्याकडे ओढलं जातं आणि शेपट्या पाण्यापासून दूर पळतात. त्यामुळे ते आपोआप दोन थरांत उभे राहतात. डोकी बाहेरच्या आणि आतल्या पाण्याकडे, शेपट्या मध्ये एकमेकींकडे. म्हणजे पटलाचा मधला भाग तेलासारखा असतो.

आता तेलात मीठ विरघळत नाही आणि साखरही विरघळत नाही, हे स्वयंपाकघरात काम करणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. मग पोटात गेलेलं मीठ आणि साखर ही तेलकट भिंत ओलांडून रक्तात पोहोचतात कशी?

दारांचं काम प्रथिनं करतात

प्रथिनं म्हटलं की आपल्याला डाळ, अंडी, मटण आठवतं. पण खाल्लेल्या प्रथिनांचे आतड्यात तुकडे होतात आणि त्या तुकड्यांतून, म्हणजे अमिनो आम्लांतून, शरीर स्वतःची हजारो प्रकारची प्रथिनं बनवतं. २० प्रकारची अमिनो आम्लं साखळीत ओवली जातात आणि साखळी घडी होऊन ठराविक आकार घेते. आकार कसा आहे त्यावर त्या प्रथिनाचं काम ठरतं.

काही प्रथिनं पेशीपटलात आरपार रुतून बसलेली असतात. हीच पेशीची दारं. प्रत्येक दार वेगळ्या मालासाठी असतं. काही दारं म्हणजे सरळ नळी असते. फक्त पाण्याला वाट देणारी अशी नळी पीटर ॲग्रे या अमेरिकन शास्त्रज्ञाने शोधली आणि त्यांना २००३ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. काही प्रथिनं पंपासारखी असतात, ती ऊर्जा खर्च करून माल ढकलतात. सोडियम-पोटॅशियम पंप त्यातला सगळ्यात महत्त्वाचा. डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी १९५७ साली त्याचं वर्णन केलं आणि १९९७ साली त्यांनाही नोबेल मिळालं. हा पंप प्रत्येक फेरीत तीन सोडियम पेशीबाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. त्यामुळे पेशीच्या आत सोडियम कायम कमी राहतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा खेळ यावरच चालतो.

दोघं मिळून आले तरच आत प्रवेश

लहान आतड्याच्या आतल्या अस्तरात एक खास दार आहे. शास्त्रज्ञ त्याला एसजीएलटी-१ म्हणतात. ६६४ अमिनो आम्लांची ही साखळी आहे. या दाराची अट अशी की सोडियम आणि ग्लुकोज एकत्र आले पाहिजेत. दोन सोडियम आणि एक ग्लुकोज असा हिशेब असतो. सोडियम आपल्या जागी बसलं की ग्लुकोजची जागा तयार होते. दोघं बसले की प्रथिनाचा आकार बदलतो, बाहेरची बाजू बंद होते, आतली उघडते आणि दोघंही पेशीत उतरतात.

यात जोर कुणाचा? सोडियमचा. पंपामुळे पेशीत सोडियम कमी असतं, म्हणून बाहेरचं सोडियम आत यायला उतावीळ असतं, आणि येताना ते ग्लुकोजला सोबत ओढून आणतं. पुढे पेशीच्या मागच्या बाजूने, म्हणजे रक्ताकडच्या बाजूने, ग्लुकोज दुसऱ्या दाराने बाहेर पडतं आणि सोडियमला पंप बाहेर काढतो. मीठ आणि साखर जिकडे गेली तिकडे पाणीही जातं, काही पेशींमधून आणि काही दोन पेशींच्या मधल्या फटींतून. अशा रीतीने आतड्यातलं पाणी रक्तात पोहोचतं.

सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत येतात ही कल्पना रॉबर्ट क्रेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने ऑगस्ट १९६० मध्ये प्राग शहरातल्या एका परिषदेत मांडली. तेव्हा ती फक्त प्रयोगशाळेतली गोष्ट होती. तिचा दवाखान्यात उपयोग व्हायला अजून काही वर्षं लागायची होती.

कॉलरा नेमकं काय बिघडवतो?

कॉलऱ्यात माणूस काही तासांत सुकून जातो. आजार गंभीर असेल तर तासाला एक लीटरपर्यंत पाणी शरीराबाहेर जाऊ शकतं. पूर्वी समज असा होता की कॉलऱ्याचे जंतू आतड्याचं अस्तरच खरवडून काढतात. तसं असतं तर तोंडाने काहीही दिलं तरी ते वायाच गेलं असतं.

१९५९ साली कोलकात्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी दाखवून दिलं की जंतू गाळून काढलेलं द्रावणसुद्धा सशाच्या आतड्यात तसाच पाण्याचा लोंढा आणतं. म्हणजे दोष जंतूने सोडलेल्या विषात आहे. हे विषसुद्धा एक प्रथिनच. त्याचे पाच भाग पेशीपटलाला चिकटतात आणि सहावा भाग पेशीत शिरून एक कळ दाबून ठेवतो. ही कळ एरवी गरजेपुरती चालू-बंद होते, पण विष तिला चालूच अडकवून टाकतं. त्यामुळे सीएफटीआर नावाचं क्लोराइडचं दार सताड उघडं राहतं. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत वाहू लागतं, त्याच्यामागे सोडियम आणि त्यांच्यामागे पाणी.

आता महत्त्वाची गोष्ट. या सगळ्या गोंधळात अस्तर जागेवर असतं आणि एसजीएलटी-१ हे दार नीट काम करत असतं. बाहेर जाणारं दार अडकून उघडं पडलंय, पण आत येणारं दार शाबूत आहे. त्या दारासमोर मीठ आणि साखर योग्य मापात ठेवली तर जुलाब चालू असतानाही पाणी आत घेता येतं. साधं पाणी दिलं तर या दाराला लागणारी जोडीच मिळत नाही. नुसत्या मिठाच्या पाण्यात ग्लुकोज नाही, नुसत्या साखरेच्या पाण्यात सोडियम नाही.

ओआरएसने जुलाब लगेच थांबत नाहीत, हेही समजून घ्यायला हवं. बरेच पालक ‘दोन पाकिटं पाजली तरी जुलाब चालूच’ म्हणून ओआरएस बंद करतात. जुलाब थांबवणं हे त्याचं काम नाही. गेलेलं पाणी आणि मीठ परत भरून माणसाला जिवंत ठेवणं हे त्याचं काम आहे. तेवढ्या वेळात शरीर स्वतः आजारावर मात करतं.

ढाका ते बनगाव

१९६८ साली ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या तरुण डॉक्टरांनी रुग्णांना ग्लुकोज आणि क्षारांचं पाणी तोंडाने पाजलं. शिरेतून द्याव्या लागणाऱ्या सलाईनची गरज जवळपास ८० टक्क्यांनी कमी झाली. त्याच काळात कोलकात्यातही असेच प्रयोग चालू होते.

खरी परीक्षा १९७१ साली झाली. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेवरच्या बनगाव इथल्या छावण्यांत कॉलरा पसरला. सलाईन संपत आलं आणि रुग्ण जमिनीवर पडून होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मापात मिसळून पाकिटं बनवून घेतली, पिंपांत पाणी कालवलं आणि रुग्णाच्या नातेवाईकांनाच ते पाजायला सांगितलं. पाजणारी माणसं नर्स नव्हती, आई, भाऊ, शेजारी होते. ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण ओआरएस घेणाऱ्यांत ३.६ टक्क्यांवर आलं. महालनबीस २०२२ साली वारले. २०२३ साली भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं.

बांगलादेशच्या आया

स्वतंत्र झालेल्या बांगलादेशात पाकीट प्रत्येक खेड्यात पोहोचवणं अवघड होतं. फझले हसन आबेद यांच्या ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत दारोदार बायका पाठवल्या. त्यांनी एक कोटी वीस लाखांच्या आसपास घरांत जाऊन आयांना शिकवलं: अर्धा शेर पाणी, मूठभर गूळ आणि तीन बोटांची चिमूट मीठ. शिकवणाऱ्या बाईचा मोबदला किती घरं झाली यावर ठरत नसे. नंतर तपासणी व्हायची आणि आईला किती लक्षात राहिलं त्यावर पैसे मिळायचे. यातल्या असंख्य आयांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण आतड्यातल्या त्या दाराला लागणारी जोडी त्यांच्या हाताला कळली होती. आपल्या वस्त्यांत काम करणाऱ्या महिला मंडळांनी आणि बचत गटांनी यातून घेण्यासारखं बरंच आहे.

माप चुकलं तर?

साखर जास्त झाली तर काय बिघडलं, असं अनेकांना वाटतं. बिघडतं. आतड्यातलं द्रावण रक्तापेक्षा दाट झालं की पाणी उलट रक्ताकडून आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. मीठ जास्त झालं तर रक्तातलं सोडियम वाढून लहान मुलाला झटके येऊ शकतात.

२००२ सालापासून जागतिक आरोग्य संघटना जे ओआरएस सुचवते त्यात एक लीटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं. ग्लुकोज आणि सोडियम इथे समसमान मोजून ठेवलेले आहेत. कोल्ड्रिंकमध्ये मात्र लीटरला १०० ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि सोडियम नगण्य. म्हणून जुलाब झालेल्या मुलाला कोल्ड्रिंक, डब्यातला ज्यूस किंवा गोड शरबत देऊ नये.

बाजारात कागदी खोक्यांत मिळणाऱ्या काही गोड पेयांच्या नावात ‘ओआरएस’ ही अक्षरं असायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, अशा पेयांच्या लेबलवर हा शब्द वापरायला मनाई केली. तरीही मेडिकलमधून घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते बघा. आशाताईंकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ही पाकिटं मोफत मिळतात.

घरात काय करायचं

- पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात अख्खं पाकीट एकदम मिसळा. मोठं पाकीट बहुधा एक लीटरचं असतं, छोटं २०० मिलीचं. मोठ्या पाकिटातली थोडी पूड ग्लासभर पाण्यात टाकली की माप चुकतं.
- पाणी उकळून गार केलेलं किंवा स्वच्छ असावं. तयार द्रावण २४ तासांत संपवा, उरलेलं फेकून द्या. त्यात वरून साखर, दूध किंवा ज्यूस घालू नका.
- पाकीट नसेल तर एक लीटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. आपली साखर आतड्यात फुटून तिच्यातून ग्लुकोज मिळतं, म्हणून ती चालते. मीठ घातलेली भाताची पातळ पेजही याच कारणाने उपयोगी पडते.
- दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्या-चमच्याने द्या.
- अंगावरचं दूध आणि नेहमीचं जेवण बंद करू नका. डॉक्टर किंवा आशाताईंना विचारून झिंकच्या गोळ्यांचा १४ दिवसांचा कोर्स पूर्ण करा.
- डोळे खोल गेले, मूल सुस्त पडलं, पिणं थांबलं, लघवी होत नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू खाली बसते किंवा शौचातून रक्त पडतंय, असं काही दिसलं तर वाट बघू नका. ताबडतोब दवाखाना गाठा आणि रस्त्यातही ओआरएस पाजत राहा.

घरातल्या दादी-नानी पाणी बंद करायला सांगतात ते मुलावरच्या मायेपोटीच. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना ही दाराची गोष्ट सांगा. जुलाबात बाहेरचं दार अडकलेलं असतं, आतलं दार उघडं असतं आणि त्या दाराला मीठ-साखर जोडीने लागते. एवढं त्यांना पटलं की पुढच्या वेळी वाटी-चमचा घेऊन लेकराजवळ त्याच बसतील.